मखमल, हात लावून बघा!

बावीस शाळकरी मुलांना मी एकदा शेणाने सारवलं आहे. त्याच वेळी त्यांच्या मुख्याध्यापिका फाटकातून आत येत होत्या.

घोडेगावात आमचं कापडाचं दुकान. राजस्थान आता आडनावापुरतं उरलंय, बाकी आम्ही पिठलं-भाकरीवाले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला मी एकच वाक्य ऐकवत आलो, "हात लावून बघा, मग बोला!" गेल्या वर्षी दुकान मुलाच्या हातात दिलं आणि घरी बसलो. आठ दिवसांत बायकोने हात जोडले. "अहो, माझ्या डब्यांची झाकणं मोजू नका, कुठंतरी जा!"

जायला जागाही होती. आमच्या सूनबाईंनी, म्हणजे सोनलने, शिनोलीजवळ ओढ्याकाठच्या आमच्या जमिनीवर तंबू ठोकून मुलांसाठी कॅम्प सुरू केला होता. त्यासाठी तीन वर्षं ती घरातल्या सगळ्यांशी भांडली (सगळ्यात जास्त माझ्याशी!). पहिलीच शाळा यायची होती. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, फेरीच्याच सकाळी, मुख्याध्यापिका स्वतः येऊन बघणार, पसंत पडलं तर बाकीचे वर्ग पाठवणार, नाहीतर तंबू गुंडाळायचे. आणि नेमका निसर्गफेरी घेणारा माणूस तापाने आडवा!

"हिराबाईंना पाठवते," सोनल म्हणाली. हिराबाई शिनोलीच्याच, कॅम्पवर स्वयंपाक करतात, रान त्यांना तोंडपाठ.

"हिराबाईंनी भाकऱ्या बघाव्यात. मी घेतो फेरी! एक पैसा नको!"

"पप्पा, तुम्ही?"

"रोज टीव्हीवर जंगल बघतो मी!"

सोनलने फेरीपुढे माझं नाव लिहिलं. सासऱ्याला नाही कसं म्हणणार बिचारी!

त्या सकाळी निघताना हिराबाईंनी चुलीपासून हटकलं, "शेठ, वढ्याच्या कडंला नगा नेऊ पोरं. म्या येऊ का संगं?"

"हिराबाई, मी याच तालुक्यातला आहे. ओढा काय मला दाखवता?" असं म्हणून मी मुलांना थेट ओढ्याकडेच नेलं.

पहिल्या झाडाला मी 'जंगली झाड' म्हणालो. पुढच्या पक्ष्याला 'रानपक्षी'. अन्वी नावाची एक चष्मेवाली पोरगी वही घेऊन माझ्या मागेच होती. "आजोबा, त्याचं नाव काय?"

"बाळ, सारखी नावं विचारून निसर्गाला त्रास देऊ नये!"

तिने हेसुद्धा लिहून घेतलं. बाकीची पोरं जांभया देऊ लागली. दुकानातून गिऱ्हाईक उठून जायला लागलं की मी नवा तागा उलगडायचो, तसं काहीतरी दाखवायला शोधू लागलो. तेवढ्यात कुंपणावर एक वेल दिसला. त्याला सोनेरी-तपकिरी, लवदार शेंगांचे घोसच्या घोस! चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढे गेला. अंगठा आणि बोट फिरवलं. काय पोत! काय चमक!

"मुलांनो, ही निसर्गाची मखमल! असा माल मी उभ्या जन्मात विकला नाही!" मी शेंग गालावरून फिरवली, मानेवरून फिरवली. "या, हात लावून बघा! रांगेत या, सगळ्यांना मिळेल!"

सगळ्यांना मिळाली.

अर्ध्या मिनिटाने माझी मान चुरचुरली. मग अन्वी म्हणाली, "आजोबा, मला खाजतंय."

"थंडी आहे ना, अंग उलतं."

मग तिच्या मागचा मुलगा, मग त्याच्या मागचा, आणि बघता बघता बावीसच्या बावीस पोरं नाचायला लागली! मीही नाचत होतो, पण वयाप्रमाणे जरा बेताने. आमचं घराणं मुंगी चुकवून पाय टाकणारं, आणि माझ्या हातून हे!

आरडाओरडा ऐकून हिराबाई उलथनं घेऊनच धावत आल्या. "आवो शेठ, काय केलंत ह्ये! खाजकुइली हाय ती! गुरं बी फिरकत न्हाईत तिकडं!"

"मग आता?"

"शेण! चोळायचं, सुकू द्यायचं, पुसून काढायचं. कुसं निघत्यात त्यानं. आन् खाजवू नगा!" (हे मला. मी दोन्ही हातांनी सुरू होतो.)

कॅम्पच्या फाटकाजवळच्या गोठ्यापुढे रांग लागली. हिराबाई पाटी भरून आणत होत्या, मी त्यांचे आणि मधूनमधून माझेही हात, माना, गाल सारवत होतो. एका पठ्ठ्याने मिशाही काढून घेतल्या. आणि गाडी आली. मुख्याध्यापिका उतरल्या. पांढरीशुभ्र हातमागाची साडी, माल अस्सल होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"हे काय चाललंय?"

सोनलने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे व्हायला हवं होतं. मी पाण्याच्या टाकीमागे गेलो (खाजवायला, असं स्वतःला सांगितलं).

टाकीमागून ऐकू आलं, "मॅडम, चूक माझी आहे. फेरीला माणूस मी नीट निवडला नाही."

तीन वर्षं जिच्या कामाला मी नावं ठेवली, तीच माझं पाप पदरात घेऊन उभी होती! इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की घटकाभर खाजसुद्धा थांबली. शेणाच्या तोंडाने मी बाहेर आलो.

"मॅडम, तिचा दोष नाही. ती हिराबाईंना पाठवत होती. शहाणपणा मी केला."

"आपण कोण?"

"सासरा."

मॅडमनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मग मुलांकडे वळल्या. "फेरीत काय शिकलात?"

अन्वीने शेणाची वही उघडली. "खाजकुइली. वेल असतो. शेंगेवर लव असते, ती टोचते. उपाय, शेण. खाजवू नये. आजोबा खाजवत होते."

मॅडमनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की वासामुळे, ते मला कळलं नाही. शेवटी सोनलला म्हणाल्या, "बाकीचे वर्ग पाठवते. पण रानात हिराबाईंबरोबर. आणि यांना..." पुढचं त्यांनी सोनलवर सोपवलं.

तेव्हापासून फेरी हिराबाई घेतात आणि भाकऱ्या मी थापतो. ओढ्यापासून दहा पावलं अलीकडे त्या पोरांना थांबवतात, वेलाकडे बोट दाखवतात, "ही खाजकुइली." मग तेच बोट चुलीकडे वळतं, "आन् ते आमचं शेठ. दोगांना बी हात लावून बघायचं न्हाई!"