सम्राटाचा चेहरा आणि चिंचेचे पाणी

परदेशात, कनाटा नावाच्या उपनगरात, आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांना जुन्या नाण्यांचा छंद होता. माझ्या मुलीला पाचवीच्या वर्गात सोमवारी रोमन नाण्यांवर बोलायचे होते, म्हणून त्यांनी तिला एक तांब्याचे नाणे काही दिवसांसाठी दिले. ते जसेच्या तसे परत करू, असा शब्द तिने त्यांना दिला होता.

नागपूरला मी काही वर्षे इतिहास शिकवला होता. त्यामुळे तयारी माझ्याकडे आली. मी टिपणे काढून तिला क्रमाने सांगितले. त्या काळी वर्तमानपत्रे नव्हती. साम्राज्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला सम्राट दिसायचा तो नाण्यावरच. म्हणून नवा सम्राट गादीवर आला की आपल्या चेहऱ्याची नाणी लवकरात लवकर पाडून घेई. डोक्यावर पानांचा मुकुट, कडेने पदव्या, मागे पंख असलेली विजयदेवता. लढाई खरोखर जिंकली होती की नाही, हे बाजारात भाजी घेणाऱ्याला कळायला मार्ग नसे.

आमच्या नाण्यावर हिरवट थर होता. चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून शनिवारी सकाळी देवाची भांडी घासताना मी नाणेही चिंच-मिठात टाकले आणि अंगठ्याने चोळले. थर निघाला. त्याबरोबर नाक, दाढी आणि अक्षरेही गेली. इतक्या शतकांनंतर ती त्या थरातच उरली होती, हे मला नंतर समजले.

“बाबा, यू वॉश्ड हिम?” मुलगी म्हणाली. “आता मी त्यांना काय सांगू?”

“मी सांगतो.”

“नो. मी सांगणार. बट यू आर कमिंग विथ मी.”

तिने सांगितले. शेजाऱ्यांनी नाणे भिंगाखाली धरले आणि दोन्ही बाजूंनी पाहिले. मग मला विचारले, “कशाने धुतले?”

“चिंचेने.”

“आमटीला ठीक आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. आमची आमटी त्यांनी अनेकदा खाल्ली होती. “रोममध्येही नकोशा झालेल्या सम्राटाचा चेहरा नाण्यावरून खरवडून टाकत. तुम्ही जरा उशिरा पोहोचलात.”

नाण्याच्या कागदी पाकिटावर त्यांनी पेन्सिलीने ‘धुतलेले’ असे लिहिले आणि ते पुन्हा मुलीच्या हातात दिले. “सोमवारनंतर आण.”

“व्हाय वुड दे स्क्रॅच हिम आउट?” तिने विचारले.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तिने बरोबर आणलेली माझी टिपणे उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मध्येच मी एक तपशील जोडू लागलो, तेव्हा तिने वर न पाहता हात आडवा केला.