चहा मागवला की बोट लागते

आगरदांड्याच्या जेट्टीवर ते गृहस्थ मला एकदाच भेटले. पांढरा सदरा, मांडीवर नारळांची पिशवी आणि चेहऱ्यावर, सगळं बंदर आपल्याच मालकीचं असल्याचा भाव. दिघीची बोट येत नव्हती आणि पलीकडे माझ्या भाचीच्या लग्नाचा मुहूर्त जवळ येत होता.

"काका, चाय मांगवा ना आता," एक मासळीवाली त्यांना विनवत होती.

मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, "मी चहा मागवला की बोट लागते. नेहमीचा अनुभव हाय. आज मागवला न्हाय, म्हणून बोट न्हाय."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. मला राहवेना. चार वेळा घडलं म्हणून नियम होत नाही, आणि त्यावरून काढलेला हा निष्कर्ष तर साफ चुकीचा, असं मी अख्ख्या जेट्टीला उभ्या उभ्या शिकवलं.

काकांनी चहा मागवला. चहा आला, बोट आली नाही. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. काकांनी ग्लासवर फुंकर घातली आणि ते म्हणाले, "नियम बरोबर हाय. आज मधे सर आलेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मासळीवालीने तर हातच जोडले. शेवटी भाचीसाठी म्हणून मी चहाच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो, आणि बोटीचा भोंगा वाजला.

वर्गात मी अजूनही तेच शिकवतो. फक्त बोटीला उशीर झाला, की कोणी सांगायच्या आत टपरीमागे जातो.