ठिणगीला आवतण

पिंपरीच्या कारखान्यात लागलो, तेव्हा रविवारी किटली घेऊन मी चाकणकडच्या माळावर भटकायचो. तिथं एक म्हातारा मेंढपाळ हमखास भेटे. चंचीतून गारगोटी, चकमक आणि सावरीचा कापूस काढून तो ठिणगीला "ये बाई, ये" म्हणत विस्तव पेटवायचा.

एकदा मी काडेपेटी घरी विसरलो, आणि वारा असा की बाई काही येईना. चहावाचून माझं डोकं फिरलेलं. तेवढ्यात त्याच्या चंचीतून चक्क भरलेली काडेपेटी खाली पडली.

"अहो बाबा, मग मघापासून हा काय खेळ?"

त्यानं सावकाश एक काडी काढली, एक डोळा मिटला आणि काडी कानात फिरवली.

"ही कान कोराया हाय, सायेब. इस्तवापायी कशाला नासायची?"

चहा शेवटी ठिणगीवरच झाला. आजही काडी ओढायला घेतली, की आधी माझा कान खाजतो.