न तपासता फिट

“जागच्या जागी उड्या मारा गं सगळ्या. थांबायचं नाही.”

कॉलेजच्या जिमखान्यात डॉक्टर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला. आम्ही कबड्डीच्या मुली, बहुतेक वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. स्पर्धेआधी सगळ्या खेळाडूंची वैद्यकीय तपासणी होती. आम्ही रांगेत उड्या मारल्या. टेनिसच्या मुली भिंतीला टेकून खिदळत होत्या. एकीने तर मोबाईल वर धरला. डॉक्टरने चहाचा घोट घेतला.

“झालं. सगळ्या फिट. चाळीतल्या पोरी काटक असतात, यांना काय धाड भरलीय!”

आमच्या कोच सरांनी मान डोलावली. माणूस वाईट नाही, पण साहेब समोर आला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

मग टेनिसवाल्यांना एकेकीला पडद्याआड बोलावलं. आत नर्स, कॉट, ईसीजीचं मशीन. बाहेर सगळं ऐकू येत होतं. “श्वास घे बेटा. सोड. खेळताना चक्कर येते? छातीत धडधडतं? घरात कुणी अचानक गेलंय?”

प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर हो होतं.

चढाईला गेले, दम धरला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. परत आले की काळीज नुसतं धडधडायचं. माझा मामा ऐन तरुणपणी मैदानात कोसळला, तो उठलाच नाही. पण आमच्या चाळीच्या कबड्डी मंडळातल्या ताया पहिल्यापासून शिकवतात, डॉक्टरसमोर तोंड उघडायचं नाही. चक्कर म्हणालीस की टीममधून नाव कटाप. मग खेळाच्या कोट्यातली नोकरी विसर. आई लोकांची धुणीभांडी करते. ती त्या नोकरीकडेच डोळे लावून बसली होती. म्हणून मीही तोंड शिवूनच आले होते.

पण ते ‘बेटा’ कानावर पडलं आणि डोकंच फिरलं. त्यांच्या छातीत काळीज, आणि आमच्या छातीत काय वीट आहे?

“मलाही तपासा,” मी म्हटलं.

“तुझं झालं ना?” डॉक्टर म्हणाला.

“कुठे झालं? हात तरी लावलात का?”

सर धावत आले. दात ओठ खात कानाशी पुटपुटले, “गप बस ना बाई! फिट दिलंय ना त्याने? परवा मॅच आहे.”

“सर, मला चक्कर येते.”

आपण काय घालवतोय ते मला पक्कं माहीत होतं. तरी पडदा सारला आणि कॉटवर जाऊन बसले.

“तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावर बसता,” डॉक्टर म्हणाला. मी उठले नाही. मग त्याने नाक मुरडत, चिमटीत धरून स्टेथोस्कोप टेकवला. काढायला गेला. थांबला. पुन्हा टेकवला, या वेळी नीट. माझ्याकडे न बघताच नर्सला म्हणाला, “ईसीजी काढा हिचा.”

परळच्या सरकारी हॉस्पिटलात कळलं, हृदयाची झडप खराब आहे. ऑपरेशन करावं लागेल. खेळ बंद. तिथली डॉक्टरीण म्हणाली, “अशीच खेळत राहिली असतीस तर एक दिवस मैदानातच गेली असतीस.”

आई म्हणाली, “सत्यानाश करून घेतलास गं!” आणि माझ्याशी बोलेना. सर म्हणाले, “गप्प राहिली असतीस तर खेळली असतीस.”

“आणि मेले असते तर?”



ऑपरेशन झालं. टीम गेली. नोकरीची आशा गेली. मॅट दिसली की अजून रडू येतं मला, खोटं कशाला बोलू. पण रडण्यापेक्षा संताप जास्त येतो. लांबून बघून मला फिट ठरवायचा हक्क त्या माणसाला दिला कुणी?

यंदा तपासणीच्या दिवशी मी जिमखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. नव्या पोरींना सांगितलं, खाली बसा. आत बोलावल्याशिवाय कुणी उठायचं नाही. चक्कर येत असेल तर येते म्हणायचं, मोठ्याने.

सर म्हणाले, “तू इथे कशाला? तू टीममध्ये नाहीस आता.”

“म्हणूनच आलेय.”

डॉक्टर तोच होता. चिडला, शिपायाला हाक मारली. पोरी बसूनच राहिल्या. मी दार सोडलं नाही. शेवटची पोरगी पडद्याआड जाऊन येईस्तोवर सोडायचं नाही, हे ठरवूनच आले होते. पुढच्या वर्षीही येणार. हाकललं तरी येणार.