अमोनियाचं तिकीट

बर्फावरच्या हॉकीची मॅच बघायला मी पहिल्यांदा गेले ती नवऱ्याच्या हट्टापायी. बर्नाबीचं घर विकून आम्ही ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात, तळ्याकाठच्या एका छोट्या गावात राहायला आलो होतो. दोघंही रिटायर झालेलो, मुलगी व्हँकुव्हरला तिच्या नोकरीत. ह्यांना गाव लगेच मानवलं. पहिल्याच महिन्यात गावच्या ज्युनिअर टीमची सीझन तिकिटं घेऊन आले, एक नाही, दोन. ज्युनिअर हॉकी म्हणजे सोळा ते वीस वर्षांच्या पोरांची. निम्मी पोरं लांबच्या गावांतून आलेली असतात, सीझनभर इथेच कुणाकुणाच्या घरी राहतात, आणि गाव त्यांना आपलीच म्हणतं.

"अहो, मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"मला तरी कुठे कळतं? ब्लँकेट घे बरोबर," हे म्हणाले.

अरेना, म्हणजे हॉकीचं बंदिस्त मैदान, जुना होता. लाकडी कमानींचं छप्पर गावकऱ्यांनीच कधीकाळी सुट्टीच्या दिवशी येऊन उभं केलेलं. आत शिरलं की बर्फाचा, ओल्या हातमोज्यांचा आणि तळलेल्या बटाट्यांचा एकत्र वास यायचा. कॅन्टीन गावातल्या पाच-सहा बायका चालवत, सगळ्या व्हॉलंटिअर. त्यांची म्होरकी पन्नाशीची, लाल स्वेटरातली बाई होती. फ्राइजवर व्हिनेगर किती घालायचं हे ती गिऱ्हाइकाला न विचारता ठरवायची.

मॅचच्या तीन पिरियडांपैकी पहिला पिरियडभर मी खेळापेक्षा माणसंच बघत होते. मग वॉशरूमला म्हणून उठले आणि मागच्या कॉरिडॉरमध्ये एका भिंतीपाशी थबकले. पलीकडून आवाज येत होता. दोन कॉम्प्रेसर चालू होते, आणि त्यातल्या एकाचा घसा जरा बसलेला होता.

हा आवाज मी ओळखत होते. पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि इथे आल्यावर व्हँकुव्हर बंदराजवळच्या मासे गोठवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं अमोनियाचा प्लांट चालवला. जन्मात मासा न चाखलेली बाई मी. माझ्या आईला मी शेवटपर्यंत "फ्रिजच्या कंपनीत आहे" असंच सांगत आले. अरेनाचं तंत्रही तेच. बर्फाच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं, त्यातून थंडगार खारं पाणी फिरतं, आणि त्या पाण्याला थंड ठेवतो तो अमोनिया. तो थांबला की बर्फाचं तळं व्हायला वेळ लागत नाही.

पुढच्या प्रत्येक मॅचला मध्यंतरात मी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी दार उघडलं आणि अरेनाचा ऑपरेटर बाहेर आला. साठीकडे झुकलेला, दांडगा, कमी बोलणारा माणूस. काही हवंय का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या मशीनचा सक्शन व्हॉल्व्ह वाजतोय. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बाजूला सरकला आणि दार माझ्यासाठी उघडं धरलं.

त्या हिवाळ्यात माझी गावात खरी ओळख होती ती त्या एकाच माणसाशी. बाकी लोक वाईट नव्हते. ग्रोसरी घेताना हसून बोलायचे, नव्या भारतीय डॉक्टरच्या घरातली का, असं विचारायचे. मी नाही म्हटलं की पुढे काय विचारावं ते त्यांना सुचायचं नाही. ह्यांनी मात्र शेजारच्या सीटवाल्यांकडून ऑफसाइडचा नियम शिकून घेतला आणि मला शिकवायचा प्रयत्नही केला.

मार्चमध्ये आमची टीम फायनलला पोचली. सात मॅचची मालिका होती. तीन समोरच्या टीमनं जिंकल्या, तीन आम्ही. सातवी रविवारी दुपारी, आमच्याच अरेनात. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर टीमचे रंग फासले गेले. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी, स्वतःच्या घरासमोरचा बर्फ शोव्हल करताना, आमचा ऑपरेटर घसरला. पायाची दोन हाडं मोडली, ऑपरेशन करावं लागलं.

अमोनियाचा प्लांट कुणीही चालवू शकत नाही. त्याला सरकारी परवाना लागतो. अरेनात दुसरा परवानाधारक होता, पण तो हिवाळ्याआधीच खाणीतल्या नोकरीवर निघून गेला होता. शेजारच्या गावचा ऑपरेटर रोज येऊन प्लांट बघून जाऊ लागला, पण रविवारी त्याच्याच अरेनात लहान मुलांची स्पर्धा होती. माणूस नसेल तर प्लांट बंद, आणि प्लांट बंद तर मॅच समोरच्या टीमच्या गावी. त्यांनी तशी तयारीही दाखवली होती.

गुरुवारी संध्याकाळी अरेनाच्या लॉबीत सभा भरली. बसायला जागा नव्हती. टीमच्या समितीचा अध्यक्ष, एक हार्डवेअरचं दुकान चालवणारा सद्गृहस्थ, टेबलावर चढून बोलत होता. सगळीकडे फोन केले, कुणी मिळत नाही, उद्या दुपारपर्यंत कळवावं लागेल, असं त्यानं सांगितलं. मागे कुणाच्या तरी नाक ओढण्याचा आवाज आला. माझ्या शेजारी ह्यांनी माझ्या कोपराला हलकेच धक्का दिला.

मी हात वर केला. अध्यक्ष अगदी सौजन्यानं म्हणाला की कॅन्टीनच्या मदतीची यादी पलीकडच्या टेबलावर आहे.

"माझ्याकडे तिकीट आहे," मी म्हटलं.

इथे अशा परवान्याला तिकीटच म्हणतात. पण त्याच्या डोक्यात ते आलंच नाही. मॅच हलवली तरी सीझन तिकीट तिकडे चालेल, काळजी करू नका, असं त्यानं मला समजावलं. दोन-चार जण हसले, माझ्यावर नव्हे, पण हसले. माझे कान तापले. सव्वीस वर्षांत मी अशा हसण्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. मान खाली घालून काम केलं की लोकांना आपोआप कळतं, असंच मला वाटत आलं होतं. त्या लॉबीत मला समजलं की काही वेळा तोंडानं सांगावंच लागतं. मी पर्समधून परवान्याचं कार्ड काढलं आणि गर्दीतून वाट काढत त्या टेबलापाशी गेले.

"मॅचचं नाही. अमोनियाचं," मी म्हटलं.

रिटायर झाल्यावरही मी ते रिन्यू करून ठेवलं होतं. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. अध्यक्षानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग त्यानं फोन काढला, हॉस्पिटलात ऑपरेटरला लावला आणि स्पीकरवर टाकला. एक भारतीय बाई आहेत, म्हणतात की त्यांना प्लांट चालवता येतो, असं काहीसं तो सांगू लागला. पलीकडून गुंगीतला जड आवाज आला.

"त्या होय? मग मला कशाला फोन करतोस? त्यांना किल्ली दे."

शुक्रवारी कागदपत्रं झाली. सुरक्षा खात्याचा अधिकारी आला, त्यानं तासभर मला प्लांटभर फिरवत प्रश्न विचारले आणि सही करून गेला. मी गॅसचा मास्क तपासला, लॉगबुक वाचून काढलं, प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून ओळख करून घेतली. कितीतरी महिन्यांनी माझ्या हातांना त्यांचं काम मिळालं होतं.

शनिवारी सकाळी हवा बदलली. ऊन कडक पडलं, छपरांवरून पाणी गळायला लागलं, लोक नुसत्या शर्टात फिरू लागले. दहाच्या सुमारास पहिला कॉम्प्रेसर प्रेशर चढून आपोआप बंद पडला. मी पुन्हा चालू केला, तो पुन्हा पडला. तासाभरात कोपऱ्यातल्या बर्फावर ओलसर चमक आली. अध्यक्ष दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घाबरले मीही. पण घाबरून प्रेशर उतरत नाही. मी बाहेर गेले आणि कंडेन्सरचं झाकण उघडलं. गरम झालेला अमोनिया तिथे नळ्यांमधून जातो आणि वरून पाण्याचे फवारे पडून तो निवतो. कडक थंडीत नुसती हवा पुरते, म्हणून पाणी बंद ठेवलेलं असतं. आता पाणी चालू केलं तर फवारे उडेचनात. पाण्यातल्या क्षारांनी तोट्यांची तोंडं बुजली होती, आणि अशा तोट्या होत्या साठाच्या वर. नव्या मागवायच्या तर सोमवारशिवाय येणार नव्हत्या.

मी दोन्ही मशीन बंद केल्या, सगळं सुरक्षित केलं आणि कॅन्टीनमध्ये गेले. लाल स्वेटरवाली बाई बटाटे सोलत होती. व्हिनेगर किती आहे, असं मी विचारलं. चार मोठे कॅन आहेत, किती हवंय, तिनं विचारलं.

"सगळं," मी म्हटलं.

तिनं कारण विचारलं नाही. सुरी खाली ठेवली आणि बाकीच्या बायकांना हाक मारली. ह्यांनी आणि अध्यक्षानं शिडीवर चढून तोट्या एकेक करून काढून दिल्या. कॅन्टीनच्या मोठ्या पातेल्यांत व्हिनेगर कोमट करून आम्ही त्या भिजत घातल्या. मग लांब टेबलाभोवती बसलो आणि टूथपिकांनी, क्रोशाच्या सुयांनी, कुणी केसातल्या आकड्यांनी एकेक भोक मोकळं करू लागलो. हात चुरचुरत होते. टेबलावर पांढऱ्या खपल्यांचा खच पडला. कुणीतरी मला विचारलं, हे सगळं कुठे शिकलात? मी सांगितलं. माशांचा कारखाना, पुणे, आईला सांगितलेली फ्रिजची कंपनी, सगळंच. त्या खो खो हसल्या. माझ्या हातातली तोटी उजेडाकडे धरून लाल स्वेटरवालीनं पाहिली आणि अजून एक भोक राहिलंय म्हणून परत दिली.

चार वाजता तोट्या बसवल्या. पाणी सोडलं. फवारे असे फुलले की शिडीवरचे हे पार भिजून गेले. मी आत धावले. प्रेशरचा काटा थरथरला आणि हळूहळू खाली येऊ लागला. मी दोन्ही मशीन लावल्या. ऊन अजून भाजत होतं, पण काटा उतरला तो उतरलाच. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातला बर्फ खणखणीत झाला.

रविवारी दोन वाजता मॅच सुरू झाली. सगळं गाव आत, आणि मी भिंतीच्या ह्या बाजूला, काट्यांसमोर. गोल झाला की वरून पायांचा असा गडगडाट व्हायचा की नळ्यांवरची धूळ खाली पडायची. पण गोल कुणाचा ते कळायचं नाही. मध्यंतरात हे धापा टाकत आले, दोन-एकनं मागे आहोत म्हणाले. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला.

"स्कोअर मला रेडिओवर कळतोय. तुम्ही प्रेशर सांगा," ऑपरेटर म्हणाला.

मी आकडा सांगितला. त्यानं तो पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, इतक्या उन्हात मलाही तो एवढा खाली कधी आणता आला नाही.

तिसऱ्या पिरियडच्या शेवटी बरोबरी झाली. जादा वेळ सुरू झाला; त्यात पहिला गोल करेल ती टीम जिंकते. समोरच्या टीमच्या कोचनं बर्फाबद्दल तक्रार करून बघितली, असं मला नंतर कळलं. रेफ्रीनं वाकून हात लावून पाहिला आणि त्याला परत पाठवलं. आणि मग तो गडगडाट झाला. आधीच्या सगळ्या गडगडाटांपेक्षा मोठा, आणि थांबेचना. मी काट्यांवरून नजर हलवली नाही, पण गालावरून पाणी ओघळत होतं. दार उघडून हे आत आले आणि मान डोलावत राहिले.

त्यांच्या मागून अध्यक्ष आला. त्यानं टोपी काढली.

"गुरुवारी मी तुम्हाला कॅन्टीनच्या टेबलाकडे पाठवत होतो," तो म्हणाला.

"बरोबरच होतं. तिथे गेले म्हणूनच जमलं," मी म्हटलं. त्याला हसावं की नाही ते कळेना, मग हसला.

शेजारच्या गावची स्पर्धा आटोपून तिथला ऑपरेटर पोचला. त्यानं काटे पाहिले, माझा हात हातात घेतला आणि प्लांट स्वतःकडे घेतला, तेव्हा मी बाहेर पडले. अजून लख्ख ऊन होतं. अग्निशमन दलाचा लाल ट्रक दाराशी उभा होता. त्यावर कप घेऊन टीमची पोरं, आणि पुढे कॅन्टीनच्या बायका. लाल स्वेटरवालीनं हात देऊन मला वर ओढून घेतलं. मुख्य रस्त्यानं, भोंगा वाजवत, पाणी उडवत आम्ही गावभर फिरलो. दोन्ही बाजूंना माणसं. ग्रोसरीच्या दारातून काउंटरवाली मुलगी दोन्ही हात हलवत होती. हॉस्पिटलसमोर ट्रक थांबवला आणि पोरांनी कप उंच धरला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, पाय टांगलेला, आमचा ऑपरेटर पडदा धरून बघत होता.

लाल स्वेटरवाली त्या उन्हाळ्यात माझ्याकडे अमोनिया शिकायला येऊ लागली. शाळा सोडल्याला पस्तीस वर्षं झाली, परीक्षा मला जमायची नाही, असं ती दर आठवड्याला म्हणायची आणि दर आठवड्याला यायची. पहिल्या फेरीतच पास झाली. सप्टेंबरात अरेनातला नवा बर्फ आम्ही दोघींनी मिळून धरवला. पाण्याचे पातळ थर एकावर एक, मग पांढरा रंग, लाल-निळ्या रेघा, पुन्हा थर. काम संपल्यावर ती बूट काढून नुसत्या मोज्यांनी मधल्या वर्तुळापर्यंत घसरत गेली, आणि तिथून मला या म्हणून खुणावत राहिली. मीही बूट काढले.