हायड्रोजनवाले काका

हे लिहायचा मला तसा अधिकार नाही, म्हणून आधीच क्षमा मागते. आमच्या घरात लिहिणं म्हणजे आईच्या पोळ्यांच्या डब्यांवर मार्करनं गिऱ्हाइकांची आडनावं घालणं. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते पीएचडी आहेत. मी अजून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत गटांगळ्या खाते आहे. त्यांची थट्टा करण्याएवढी मी मोठी नाही. पण थट्टा न करता त्यांच्याविषयी लिहिताच येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला, तर ते निवेदन सत्कार समारंभातल्या भाषणासारखं झालं आणि माझं मलाच वाचवेना.

तर माझं म्हणणं असं आहे की, लोक पोटच्या पोरांवर करत नाहीत एवढं प्रेम हे काका एका वायूवर करतात, तेही रंग नाही, वास नाही अशा. काका म्हणजे आमचे नात्याचे कोणी नव्हेत. आईचे वेस्ट विंडसरचे गिऱ्हाईक. दर शनिवारी आई आणि मी आमच्या आयसेलिन गावाहून त्यांच्याकडे पोळ्या पोचवायला जातो. मूळचे ते नागपूरचे. टेक्सासमधल्या एका रिफायनरीतली पक्की नोकरी सोडून ते इथल्या एका लहानशा कंपनीत आले, कारण तिथे मिथेन, म्हणजे आपल्या शेगडीत येतो तोच गॅस, न जाळता नुसता तापवून फोडतात. त्यातून हायड्रोजन मोकळा होतो आणि कार्बन मागे उरतो, ग्राफाइटची काळी पावडर होऊन. धूर नाही, कार्बन डायऑक्साइड नाही. ऐकायला फार सुंदर आहे. प्रत्यक्षात ती पावडर भट्टीच्या नळीत आतून चिकटून बसते, नळी तुंबते, आणि भट्टी थंड करून खरवडावी लागते. काकांना कधीही विचारा, "कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं: "बसलं पुन्हा." गेल्या वर्षी पैसे घालणाऱ्यांनी सांगून टाकलं की, पुढचा उन्हाळा संपायच्या आत पक्कं गिऱ्हाईक दाखवा, नाहीतर भट्टी भंगारात जाईल. हायड्रोजन घेणार होती ती खताची कंपनी आधीच मागे हटली होती. आशा उरली होती एकच: ग्राफाइटचा नमुना एका बॅटरीच्या कंपनीकडे तपासणीला गेला होता. काकांचं दुःख नेमकं इथेच होतं, कारण ग्राफाइट आणि बॅटरी या दोन्ही गोष्टी त्यांना डोळ्यांसमोर नको असतात.

त्यांना हायड्रोजन समजावून सांगायची सवय आहे. सवय कसली, व्यसनच ते. शेजारच्या एडिसन गावात कोणाकडे सत्यनारायण असो की बारसं, जेवण आटोपलं की काका पानातला लाडू मधोमध ठेवतात आणि भोवती चार काजू मांडतात. "हे मिथेन. मधे कार्बन, बाजूला चार हायड्रोजन. आता याला नुसतं तापवायचं. ऑक्सिजनला आत येऊ द्यायचं नाही." ऑक्सिजनचं नाव ते न बोलावता जेवायला येणाऱ्या पाहुण्यासारखं घेतात. त्यांचा मुलगा इथेच जन्मलेला. वडिलांचा हात लाडवाकडे जाताना दिसला की तो मान खाली घालून पुटपुटतो, "डॅड, प्लीज, नॉट द लाडू." पण लाडू तापतोच, काजू सुटतातच, आणि काका ते एकेक करून तोंडात टाकतात. लाडू पानात तसाच राहतो. यजमानीण विचारते, "लाडू आवडला नाही का?" काका म्हणतात, "तो बायप्रॉडक्ट आहे." मी असं ऐकलंय की दोन घरांतून त्यांना त्यानंतर बोलावणं आलेलं नाही.

गॅसवर चहा ठेवलेला त्यांना बघवत नाही. कोणी सोन्याच्या पाटल्या चुलीत घालाव्यात तसे ते त्या निळ्या ज्योतीकडे बघत उभे राहतात. "चार-चार हायड्रोजन जाळून राहिले तुम्ही, चहासाठी." स्वतःच्या घरातली गॅसची शेगडी त्यांनी केव्हाच काढून टाकली आणि इंडक्शन बसवलं. काकू जळगावच्या. ज्या बाईच्या माहेरी भरताशिवाय हिवाळा सुरू होत नाही, तिच्या ओट्यावर ज्योतच नाही. इंडक्शनवर वांगं भाजायला ठेवलं तर ते फक्त ओशाळतं, भाजत नाही. म्हणून काकू इंडियन ग्रोसरीच्या निमित्तानं आयसेलिनला येतात, आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये शिरतात, आणि आईच्या शेगडीवर वांगी भाजतात. चटचट आवाज, सालीचा धूर, स्मोक अलार्म वाजू नये म्हणून मी टॉवेल घेऊन स्टुलावर. काकू डोळे मिटून तो वास घेतात आणि म्हणतात, "यांना सांगू नका हं, वहिनी." मग भरीत वेस्ट विंडसरला जातं. एका शनिवारी आमच्यासमोरच काकांनी ते बोटं चाटून खाल्लं आणि आईला म्हणाले, "पाहा वहिनी, गॅस लागतच नाही. लोकं उगाच कारणं सांगतात." आई साताऱ्याची आहे. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती डबे मोजत बसली.

आता गाडीचं सांगते. काकांच्या आळीत दर दुसऱ्या घरासमोर इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावलेली असते. काका मात्र पेट्रोलची जुनी गाडी चालवतात. ती सुरू होताना एवढा काळा धूर सोडते की शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात. मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, मग तुम्ही इलेक्ट्रिक का नाही घेत?" काका म्हणाले, "बॅटरी म्हणजे तात्पुरता प्रकार आहे. मी हायड्रोजनच्या गाडीसाठी थांबून राहिलो." इथे जवळपास हायड्रोजनचा एकही पंप नाही, हे मी बोलले नाही. काकू बोलल्या. "आणि तोवर सगळ्या आळीला काजळी घाला." हवा स्वच्छ व्हावी म्हणून इतकी वर्षं धूर सोडत थांबलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

ग्राफाइटचा त्यांना राग आहे, पण त्याला इलाज नाही, कारण एक किलो हायड्रोजन काढला की तीन किलो कार्बन निघतो. इकडे लोक अंगणातले जास्तीचे टोमॅटो शेजाऱ्यांच्या गळ्यात मारतात, तशी काका पावडर वाटतात. खिशात एक छोटी पिचकारीची बाटली असते आणि कुणाच्याही दारात गेले की बेल वाजवायच्या आधी ते कुलपात पावडर फुंकतात. कुलपाला ती चांगली असते, हे खरं आहे. आमचं कुलूप कित्येक महिने अडकत होतं, ते लोण्यासारखं फिरायला लागलं. फक्त किल्लीला हात लावला की बोटं काळी होतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं दार उघडलं, तशीच कणीक मळली, आणि त्या दिवशी एका डोहाळजेवणाला गेलेल्या सगळ्या पोळ्यांवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, पोलिसांनी घ्यावेत तसे. तिथून फोन आला. आई रडायच्या बेताला आली. मी काकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "काहून घाबरता? इनर्ट आहे ते. पोटात काहीच होत नाही." माझ्या आईचं गिऱ्हाईक गेलं होतं, पोटाचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मला त्यांचा खरोखर राग आला होता, आणि तो पुरता गेला आहे असं मी म्हणणार नाही.

तरी हेही लिहायला हवं, की हायस्कूलमध्ये केमिस्ट्री मला समजत नव्हती तेव्हा त्याच माणसानं शनिवारमागून शनिवार मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आई दारात रिकामे डबे घेऊन ताटकळत असायची. मी चुकले की ते रागवायचे नाहीत, फक्त दुःखी व्हायचे, जणू चूक हायड्रोजनला लागली. आमच्या घरात मला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हतं. ते विचारायचे, आणि उत्तराची वाट बघायचे.

या ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी निखिल पोळ्या न्यायला आमच्याकडे आला. निखिल पुण्याचा, व्हिसावर आलेला, काकांच्याच हाताखाली काम करतो. डबा घेतला तरी तो जाईना.

"सँपल पास झालं," तो म्हणाला. "बॅटरीवाले कॉन्ट्रॅक्ट करतायत. भट्टी वाचली."

आई म्हणाली, "अरे वा. मग पेढे कुठे आहेत? तोंड का असं?"

"कारण आता कंपनी ग्राफाइट विकणार, मावशी. हायड्रोजनला कोणी घेत नाहीये. तो तिथेच जाळायचा ठरलंय. भट्टी तापवायला."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी विचारलं, "काकांना सांगितलं?"

"ग्रुपवर सगळ्यांनी टाकलंय, दोन दिवस झाले. पण ग्रुपचं नाव ग्राफाइट आहे ना, त्यांनी तो म्यूट केलाय. रजेवर आहेत, फोन उचलत नाहीत. त्यांना वाटतंय सगळे भट्टी बंद झाल्याचंच सांगायला फोन करतायत." त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. "तू उद्या जाणारच आहेस ना यार. तू सांग. मला नाही जमणार."

"तू त्यांच्या ऑफिसातला ना?"

"म्हणूनच," निखिल म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वेस्ट विंडसरला काका मागच्या डेकवर खुर्चीत बसले होते. दाढी वाढली होती. आई काकूंबरोबर आत गेली. मी उभीच राहिले.

"काका, निखिल आला होता काल."

"माहीत आहे काय सांगायला आला असेल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "कधी तोडून राहिले भट्टी?"

"तोडत नाहीत. पास झालं ग्राफाइट. बॅटरीवाले घेणार आहेत, सगळं."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. चेहऱ्यावर जे आलं ते आनंदासारखंच होतं, पण त्याला कुठे बसावं हे कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, जे विचारतील याची मला रात्रभर भीती वाटत होती.

"आणि हायड्रोजन?"

मला वाटलं, कंपनीनं अजून ठरवलेलं नाही असं सांगावं. पण या माणसानं मला उत्तरं शिकवली होती.

"तिथेच जाळणार आहेत, काका. भट्टी तापवायला."

शेजारच्या घरी कुणीतरी लॉन कापत होतं. ते मशीन थांबलं, तसे काका माझ्याकडे वळले. 

"हायड्रोजन जाळला तर काय होते?" त्यांनी विचारलं. टेबलाशी विचारायचे त्याच आवाजात.

"पाणी," मी म्हणाले. "वाफ."

"वाफ," ते म्हणाले. "म्हणजे चिमणी लावतील." थोडा वेळ ते समोरच्या झाडांच्या वर, काहीच नसलेल्या आभाळाकडे बघत राहिले. "हायवेवरून दिसेल का गं ती वाफ?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"आता नाही दिसणार," ते स्वतःशीच म्हणाले. "थंडीत दिसेल."