कुजबुजे आणि उघडं दार

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. काम प्रॉम्प्टरचं. विंगेत काळ्या पडद्याच्या आडोशाला स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्यावर कापडात गुंडाळलेला मिणमिणता दिवा, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात नेऊन टाकायचं. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांची कुजबुज अशी तयार झाली होती की पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या नटाला शब्दन् शब्द कळायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटायचं, पंखा फिरतोय. एवढी एक विद्या हाताशी असली की माणूस जगाला कस्पटासमान लेखायला लागतो. त्यासाठी उंचावर बसावं लागतं असं नाही, अंधारात स्टुलावर बसूनही भागतं.

नटांना ते पोपट म्हणायचे, आणि वर पुस्ती जोडायचे की पोपटाला निदान स्वतःचं नाव तरी पाठ असतं. प्रेक्षक म्हणजे तिकीट काढून खोकायला येणारी माणसं. आणि दिग्दर्शक? त्याचं नाव निघालं की कुजबुजे नुसते नाकाने हसायचे.

यंदा त्या दिग्दर्शकाने एक जुनी शोकांतिका नव्याने करायला घेतली होती. मूळ गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली. एका राजाचं राणीवर फार प्रेम. इतकं की तो तिच्या दासी काढून टाकतो, मग तिच्या भावाला येणं बंद करतो, मग तिची वीणा मोडतो, आणि शेवटी तिच्याकडे त्याच्याशिवाय कुणी उरत नाही तेव्हा तिच्यावरच संशय घेऊन तिचा जीव घेतो. कुजबुजेंनी तरुणपणी हेच नाटक मुकुट, मखमल आणि खणखणीत भाषेत प्रॉम्प्ट केलं होतं. आता राजा झाला होता एका कंपनीचा मोठा साहेब, राणी झाली होती त्याची नोकरी सोडलेली बायको, आणि राजवाड्याच्या जागी आला होता एक करडा सोफा.

"हे प्रेमाचं नाटक नाही," दिग्दर्शक तालमीत डोळे मिटून म्हणाला, "हे ताब्याचं नाटक आहे. आपला राजा तिला मारत नाही, कोंडत नाही. फक्त तिचं जग रोज थोडं थोडं कातरत नेतो. म्हणून मंचावरचं दार शेवटपर्यंत उघडं राहील. प्रेक्षकांनाच विचारू दे, ती जात का नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुजबुजेंनी शेजारच्या प्रकाशवाल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "दार उघडं आहे ना? मग जा की, बाई. पाय आहेत ना? दोन तास आमचं डोकं कशाला उठवतेस?"

प्रकाशवाला हसला. कुजबुजेंना बरं वाटलं. त्यांना अशा हशाची भारी भूक होती.

राजाचं काम करणारा नट कंपनीचा नायक होता आणि कुजबुजेंचा जावईही. त्याच्या पाठांतराच्या नावाने बोंब होती. प्रत्येक अंकात दोन-तीनदा तो असा थबकायचा की प्रेक्षकांना वाटावं, वा, काय विराम घेतला, आणि त्या विरामात कुजबुजे विंगेतून त्याची अब्रू वाचवत असायचे. पण दिसायला देखणा, आवाज मधाळ आणि पोस्टरवर तोंड. तीन वर्षांपूर्वी त्याने लेकीला मागणी घातली तेव्हा कुजबुजेंना आभाळ ठेंगणं झालं होतं. बायको म्हणाली होती, "फार गोड बोलतो हो. मला भीती वाटते." त्यावर कुजबुजेंनी तिला, तुला अकलेचा वारा तरी लागलाय का, असं चारचौघांत विचारलं होतं.

लेक, म्हणजे ठकी, दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. बापाच्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची होती. लग्नानंतर वर्षभरात तिने काम सोडलं. रसायनांचा वास सोसत नाही, असं जावयाने सांगितलं. मग तिचं येणं कमी झालं, मग थांबलंच. कवळी ढिली होऊन कुजबुजेंच्या बोलण्यात शिट्टी वाजायला लागली, तरी ती "येते बाबा, बसवून देते" म्हणायची आणि यायची नाही. फोनवर तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायचा. बोलणं ठरलेलं, "बरं चाललंय, बाबा. तुम्ही तब्येतीला जपा."

"पोरीचा आवाज बदललाय," बायको म्हणायची.

"आवाज नाही, डोकं फिरलंय," कुजबुजे म्हणायचे. "नायकाची बायको झाली ना. आता बापाचे दात कोण बघतो?"

आणि प्रत्येक मध्यंतराला जावई चहासुद्धा न घेता कोपऱ्यात फोन कानाला लावून उभा असायचा तेव्हा हाच बाप नटांना कोपराने ढोसून दाखवायचा की बघा, बायकोवर जीव कसा लावावा ते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ हुडकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या डोळ्यात केवढं मुसळ मावत असेल याचा अंदाज करावा.

नाटक गर्दी खेचत होतं. बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या आणि नवरे गाडी काढायला पुढे जायचे. अशाच एका दुपारच्या प्रयोगात, पहिल्या अंकाच्या शेवटी, राजा अडकला. संहितेतलं वाक्य होतं, "तुझ्या माहेरची माणसं तुला माझ्यापासून तोडतायत." कुजबुजेंनी ते टाकलं. जावयाने घेतलं नाही. पुन्हा टाकलं. तो सोफ्यावर बसला, राणीचा हात हातात घेतला आणि अगदी हळू, लाडात बोलायला लागला.

"बाबांना फोन करायचाय ना? कर की. मी कधी अडवलंय? फक्त स्पीकरवर ठेव, मी इथेच बसतो. आणि नेहमीचं बोल. बरं चाललंय, बाबा, तुम्ही तब्येतीला जपा. रडलीस तर त्यांनाच त्रास होईल. या वयात त्यांचं काम गेलेलं तुला आवडेल का?"

नाट्यगृहात टाळ्या कडाडल्या. कुजबुजेंचं बोट संहितेवर ज्या ओळीवर होतं तिथेच राहिलं. पानावर असलं काही नव्हतं. लेखकाला हे सुचणं शक्य नव्हतं आणि या ठोंब्याला तर नाहीच नाही, त्याला लिहिलेलंही आठवत नाही. माणसाला अडल्यावर न शोधता सापडतं ते रोजच्या बोलण्यातलंच असतं, हे कुजबुजेंइतकं कुणाला ठाऊक असणार? विहिरीतला तो आवाज त्यांना आठवला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक धावत आला. "काय जागा काढलीस रे. कुठून सुचलं?"

"सुचलं एकदम," जावई घाम पुसत म्हणाला. त्याने सासऱ्याकडे पाहिलंही नाही. स्टुलावर बसलेल्या माणसाला कान असतात, पण तो ऐकतो असं कुणाला वाटत नाही.

"काका, तेवढं संहितेत घालून घ्या," दिग्दर्शक म्हणाला. टाळी मिळालेलं वाक्य प्रॉम्प्टरने पक्कं करायचं ही कंपनीची जुनी रीत. कुजबुजेंनी पेन काढलं आणि आपल्या लेकीचे हाल आपल्याच हाताने, सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. एवढी जगाला नावं ठेवणारी जीभ, ती टाळ्याला चिकटून बसली.

घरी बायकोला सांगितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आजवर ते लोकांकडे ज्या नजरेने बघत आले होते तीच ती नजर होती, आणि ती अंगावर आल्यावर कशी लागते ते त्यांना त्या दिवशी कळलं.

जावई प्रयोगाशिवाय घराबाहेर पडत नसे. म्हणजे पोरगी एकटी सापडणार ती तो मंचावर असतानाच. पुढच्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, कुजबुजेंनी पहिल्या अंकातली बरीच पानं नेहमीसारखी ओढली. एकदा जावई थबकला तेव्हा वाक्य दिलंही. सवयच ती. मग त्या माणसाचा कान आपल्या दिशेला वळलेला त्यांना दिसला, आपला आयता घास घ्यायला, आणि त्यांना त्याची आणि स्वतःची अशी किळस आली की त्यांनी संहिता मिटली, स्टुलावर ठेवली, दिवा घालवला आणि मागच्या दाराने ते बाहेर पडले.

घर दोन रस्ते पलीकडे होतं. तिसऱ्या मजल्यावर चढताना त्यांना धाप लागली. दार ठकीने उघडलं. कुलूप नव्हतं, कडीसुद्धा नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. आत सगळं इतकं लखलखीत की इथे कुणी राहतं असं वाटू नये. दाराशी कपाटात जावयाच्या बुटांच्या जोड्या ओळीने लावलेल्या. तिची त्यात एकही नाही, पायात होत्या त्या घरात घालायच्या सपाता. टेबलावर तिचा फोन उभा करून ठेवलेला, कॅमेऱ्याचं तोंड स्वयंपाकघराकडे करून.

"बाबा? तुमचा प्रयोग चालू आहे ना?"

"आहे."

"मग त्याला वाक्यं कोण देतंय?"

"कुणी नाही."

तिच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. तिने फोनकडे पाहिलं.

"चल," कुजबुजे म्हणाले.

"कुठे?"

"घरी."

"हेच घर आहे, बाबा. बरं चाललंय. तुम्ही तब्येतीला..." तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती थांबली.

कुजबुजेंच्या पाठीमागे दार सताड उघडं होतं. दार उघडं आहे ना, मग जा की, बाई. हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं, तालमीत हशा मिळवलेलं. ते त्यांनी गिळलं.

"तुझी आई सांगत होती," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही. मला तुझाच राग यायचा."

"मला माहीत आहे. तो सांगायचा मला, तुम्ही काय काय म्हणता ते." तिने हात पदराला पुसले. "मी गेले तर तो तुम्हाला कंपनीतून काढायला लावेल. तुमचं ते स्टूल जाईल, बाबा. त्याच्याशिवाय तुम्हाला आहे काय?"

म्हणजे पोरगी तीन वर्षं बापाच्या स्टुलासाठी इथे बसली होती. आणि बाप त्या स्टुलावर बसून तिला नावं ठेवत होता.

"आज मीच उठलोय त्यावरून," कुजबुजे म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. मध्यंतर झालं होतं. ठकीने पुढे होऊन बटण दाबलं आणि सवयीने स्पीकरही लावला.

"कुठे आहेस?" जावयाचा मधाळ आवाज आज फाटला होता. "तुझा बाप कुठाय? माझं वाक्य अडलं आणि विंगेत काळं कुत्रं नाही. अख्ख्या नाट्यगृहासमोर बावळटासारखा उभा होतो मी. बोल ना. तिथे आलाय का तो?"

ठकी फोनकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द फुटेना. तिला अडलेली पाहिली आणि कुजबुजेंच्या हातून तेच घडलं जे जन्मभर घडत आलं होतं. ते किंचित पुढे वाकले आणि त्यांनी वाक्य दिलं.

"सांग, माहीत नाही. नाही आले म्हण."

'सांग'वर कवळीने शिट्टी वाजवली. आणि ती कुजबुज पडली थेट फोनमध्ये, त्या कानात, जो इतकी वर्षं त्या कुजबुजीवरच जगला होता. बाकी कुणाला पंखा वाटला असता.

"बाबा?" जावई म्हणाला. "तुम्ही आहात तिथे?"

कुजबुजेंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आता पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. दुसऱ्यांना शब्द पुरवण्यात हयात गेली, आणि घाबरून लेकीला दिलं ते खोटं, तेही पकडलं गेलेलं. कपाळावर घाम घेऊन ते उभे राहिले, ज्यांची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली त्या पोपटांसारखे.

ठकीने बापाकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती फोनकडे वळली.

"बाबा आलेत," ती म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर चाललेय."

"राणी, ऐक, मी काय म्हणतो..." आवाज लगेच मधाचा झाला. त्याच्या मागे घंटा ऐकू आली. पडदा उघडायची वेळ झाली होती.

"तुझी घंटा झाली. जा," ठकी म्हणाली.

फोन तिने तिथेच बोलत ठेवला. आतून एक जुनी कापडी पिशवी आणली. तिच्यात तिची कानस, पकड आणि लहान चिमटे होते, तेवढंच तिने लपवून ठेवलं होतं. सपाता पायात होत्याच. ती बाहेर पडली, आणि कुजबुजे तिच्या मागोमाग.

जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "घरी गेल्यावर कवळी काढून द्या. घासून बसवते. आणि पुन्हा मला काय बोलायचं ते सांगू नका."

कुजबुजेंनी तोंडावर हात ठेवला, मान हलवली, आणि कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरायला लागले.